भरतीची वेळ

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घेऊन घराबाहेर कुठे जावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. औषधे, पथ्य, रात्रीची झोप, न्हाणीघरातील आधाराचा दांडा या सर्वांविषयी डॉक्टर बोलतात, नातलग सल्ले देतात. बाहेर जाण्याविषयी मात्र सर्वांचे एकच म्हणणे असते, ‘जमेल तसे फिरवून आणत जा.’ कुठे, हे कोणी सांगत नाही.

माझ्या पत्नीच्या आजाराचे निदान होऊन आता ४ वर्षे झाली. ती ७१ वर्षांची, मी ७४ वर्षांचा. पहिल्या दोन वर्षांतच आमची जाण्याची ठिकाणे एकेक करून गळत गेली. नाट्यगृहात तिला अंधार सोसवेनासा झाला. लग्नकार्यांत गर्दीपेक्षाही एका प्रश्नाने तिला घेरले. जो तो समोर येऊन, चेहरा जवळ आणून विचारणार, ‘ओळखलंत का मला?’ विचारणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. परंतु उत्तर न येणाऱ्याला ती तोंडी परीक्षाच वाटते, आणि अशा १०-१२ परीक्षांत एका संध्याकाळी नापास झालेले माणूस घरी येऊन जेवत नाही. मग आम्ही लग्नांना जाणे थांबवले. देवळात ती रमत असे, पण सणावाराची रांग तिला झेपेना. उरली ती सोसायटीच्या आवारातील फेरी. तीच तीच चार वळणे आणि तोच तो बाक.

आम्ही मुलुंडला राहतो. खाडीवरचा पूल ओलांडला की ऐरोली. तेथे ठाणे खाडीच्या काठी वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. हा कक्ष २०१२ साली स्थापन झाला, समोरची खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ साली तिला रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. आपल्या दारात हे सारे घडत असताना आम्ही पुलावरून शेकडो वेळा गेलो होतो आणि खिडकीची काच वर करून घेतली होती, कारण चिखलाचा वास येतो. एका शेजाऱ्याने तेथील निसर्गफेरीविषयी सांगितले तेव्हाही मला फारशी आशा नव्हती. सकाळची वेळ आहे, गर्दी बेताची असते, आणि आवडले नाही तर अर्ध्या तासात घरी परतता येईल, एवढाच हिशेब करून मी तिला घेऊन गेलो.

कांदळवनाचे वैशिष्ट्य असे की तेथे पाहण्यासारखे काही नाही, असे प्रथम वाटते. हिरवट-राखी झुडपे, काळा चिखल, आणि त्या चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी असंख्य टोके. आमच्या गटाबरोबर वनविभागाची एक तरुण मार्गदर्शिका होती. तिने सांगितले, की ही टोके म्हणजे तिवराची श्वसनमुळे. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून मुळे उलटी वर येऊन श्वास घेतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात इतर झाडे तग धरत नाहीत. तिवर मात्र ते पाणी शोषते आणि जास्तीचे मीठ पानांवाटे बाहेर टाकते. ‘पानाला बोट लावून चाखून पाहा,’ असे ती म्हणाली. आम्ही सारे संकोचलो. माझ्या पत्नीने पुढे होऊन पान ओढले आणि बोट न लावता सरळ जिभेनेच चाटले. माझा हात तिला आवरायला पुढे झाला होता; ४ वर्षांत तो आपोआपच तसा पुढे होऊ लागला आहे. तोवर ती वळून म्हणाली, ‘मीठ कमी आहे. पाऊस लांबला होता का यंदा?’

पाऊस आणि पानावरचे मीठ यांचा संबंध तिने बरोबर लावला की नाही, हे मला ठाऊक नाही आणि तेथे कोणी ते तपासलेही नाही. मला महत्त्वाचे वाटले ते वाक्य. कितीतरी महिन्यांत तिने आपण होऊन, कोणी काही न विचारता, समोरच्या वस्तूविषयी एवढे पूर्ण वाक्य उच्चारले नव्हते.

तिचे माहेर मुरूड तालुक्यातील किनाऱ्यावरचे. घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. लग्नानंतर ५० वर्षे ती मुंबईत राहिली आणि शाळेत गणित शिकवीत राहिली. समुद्राचा विषय आमच्या घरात निघत असे तो केवळ मासळीच्या भावावरून. त्यामुळे तिच्या मनाच्या तळाशी खाडीचे एवढे तपशील शाबूत असतील, याची मला कल्पना नव्हती. या आजारात नुकतेच घडलेले आधी पुसले जाते आणि बालपणीचे बहुधा अधिक काळ टिकते, हे मी वाचले होते. पण वाचणे निराळे, आणि चिखलात टुणकन उडी मारणाऱ्या इवल्या माशाकडे बोट दाखवून ‘निवट्या!’ असे तिने ओरडणे निराळे. मार्गदर्शिकेने त्या माशाचे इंग्रजी नाव सांगितले, आणि तो पाण्याबाहेरही काही काळ राहू शकतो व पुढच्या परांच्या आधारे चिखलावर सरपटतो, ही माहितीही दिली. गटात शाळकरी मुले होती. त्यांना पत्नीने जे सांगितले ते मात्र कोणत्याही माहितीफलकावर नसावे. निवटीला पकडायचे तर तिच्या मागे धावायचे नाही, ती ज्या बिळात शिरेल त्या बिळाचे दुसरे तोंड शोधायचे. दोन मुलगे तिच्या दोन बाजूंना उभे राहून ऐकत होते. ‘आजी, मग तुम्ही पकडली का?’ ‘पकडली तर! आणि खाल्लीसुद्धा.’ मुले शहारली, हसली. ती हसली.

त्या हसण्यामुळे आम्ही पुन्हा गेलो. नंतर पुन्हा. आता गेली दोन वर्षे, नोव्हेंबर ते मे या काळात, महिन्यातून दोनदा तरी आमची सकाळ खाडीकाठी जाते. कधी नुसतीच फेरी, कधी पक्षिनिरीक्षण, कधी २ फेब्रुवारीच्या पाणथळ दिनासारखे काही निमित्त, कधी किनारा-स्वच्छता. स्वच्छतेच्या वेळी तिला वाकता येत नाही. मग ती खुर्चीवर बसून इतरांनी आणलेल्या वस्तूंची मोजदाद करते. बाटल्या किती, चपला किती, थर्माकोलचे तुकडे किती. हातात वही असली की ती पुन्हा गणिताच्या बाई होते. आकडा चुकला तरी आवाजातली जरब चुकत नाही.

एक प्रसंग विस्ताराने सांगतो. माघातली शुक्ल द्वादशी होती. केंद्रातून खाडीत बोटीने नेऊन रोहित पक्षी दाखवतात, ते आपल्याला माहीत असेल. या बोटीची वेळ रोज बदलते, कारण ओहोटीला खाडीत बोट चालेल इतके पाणी नसते. आमच्याबरोबरचे एक गृहस्थ काहीसे चिडून विचारीत होते, की गेल्या आठवड्यात निराळी वेळ होती, आज निराळी, एक निश्चित वेळ का ठेवत नाहीत. मार्गदर्शिका भरती-ओहोटीविषयी समजावू लागली. माझी पत्नी बाकावर बसली होती. त्या दिवशी सकाळपासून तिची अवस्था बरी नव्हती. येताना गाडीत तिने मला दोनदा, ‘तुम्ही कुठे उतरणार?’ असे विचारले होते, जसे एखाद्या सहप्रवाशाला विचारावे. ती एकाएकी म्हणाली, ‘आज तिथी कुठली?’

कोणीतरी मोबाइलमध्ये पाहून द्वादशी असल्याचे सांगितले.

‘बारा. बाराची पाऊणपट नऊ. नवाला पूर्ण भरती.’

ज्या वाचकांचे बालपण कोकणात गेले आहे, त्यांना हा हिशेब ठाऊक असेल. इतरांसाठी थोडा खुलासा करतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारणपणे कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा झाली की कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग तितकीच पुढे सरकते. जुन्या लोकांनी ती पाऊण तास धरून तोंडी हिशेब बसवला. दिवसातून भरती दोनदा येते, म्हणून तोच आकडा सकाळी आणि रात्री चालतो. ना घड्याळ, ना कोष्टक. पंचांग आणि पाऊणकीचे पाढे पुरतात.

मार्गदर्शिकेने आपल्याजवळचे छापील कोष्टक पाहिले. ‘आजी, आज साडेनऊच्या सुमारास आहे,’ ती म्हणाली, आणि लगेच पुढे, ‘पण तुमचा हिशेब बरोबर आहे. समुद्रावर नवाला. पाणी खाडीत इतक्या आत यायला वेळ लागतो.’ पत्नीने क्षणभर विचार केला. ‘लागणारच,’ ती म्हणाली, ‘वाट अरुंद ना.’ मघाचे चिडलेले गृहस्थ तिच्या शेजारी येऊन बसले आणि वहीत तिथ्या मांडून पाऊणपटीचा हिशेब शिकू लागले. पुढची १५ मिनिटे ती शिकवीत होती. तिला शेजारी बसलेला माणूस कोण हे माहीत नव्हते. मी कोण हेही त्या घडीला नक्की माहीत नसावे. पण आपण कोण, हे तिला माहीत होते.

आमच्या मुलीने त्या संध्याकाळी दूरध्वनीवरून हौसेने विचारले, ‘आई, आज काय काय पाहिलंस?’ पत्नीला काहीच सांगता आले नाही. खाडी नाही, बोट नाही, द्वादशी नाही. मुलीचा आवाज पडला. नंतर ती मला एकट्याला म्हणाली, ‘बाबा, तिला जर संध्याकाळपर्यंतही आठवत नसेल, तर तुम्ही एवढी दगदग कशासाठी करता? पडलीबिडली तर?’ हा प्रश्न निष्ठुर नाही. अशा माणसाची सोबत करणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतःच्या मनातही ऐकू येतो. माझ्या गुडघ्यांना तर तो रोजच ऐकू येतो.

मी तिला दिलेले उत्तर असे. त्या रात्री तुझी आई पोटभर जेवली, दिवेलागणीला नेहमी होणारी तगमग झाली नाही, आणि झोपताना ती काहीतरी गुणगुणत होती. कशामुळे, हे तिला सांगता येणार नाही; मला येते. पुढे मला असे आढळले, की हे केवळ नवऱ्याचे भाबडे निरीक्षण नव्हे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना काही दुःखद आणि काही आनंददायक चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात रुग्ण त्या चित्रफितींचा तपशील विसरले, काहींना तर आपण काही पाहिले हेही आठवेना. पण त्यांनी जागवलेली भावना त्यानंतरही त्यांच्या मनात टिकून होती. अभ्यास लहान होता, आणि त्यातून कोणत्याही उपचाराचा दावा कोणी केलेला नाही. मीही करत नाही. खाडीवर जाऊन पत्नीचा आजार थांबलेला नाही. गेल्या वर्षीपेक्षा या वर्षी ती अधिक विसरते. पण दुःखद भावनाही तशीच मागे राहते, ही त्या अभ्यासातील दुसरी बाजू मला अधिक विचारात पाडते. लग्नाच्या मांडवातील ते ‘ओळखलंत का मला?’ ती विसरत असेल, पण त्यामुळे झालेली लाज विसरत नसेल.

निसर्गफेरीत हा प्रश्न येत नाही, हेच तिचे मोठे सामर्थ्य आहे, असे माझे मत झाले आहे. तेथे सारे एका दिशेला, झाडाकडे किंवा पक्ष्याकडे, पाहत असतात. एकमेकांच्या तोंडाकडे नाही. कालचे काही आठवावे लागत नाही. आज समोर आहे तेवढे पुरते. आणि तेथील निम्म्या लोकांना निम्मी नावे माहीत नसतात, त्यामुळे नाव न आठवणे हा कोणाचा दोष ठरत नाही.

हे सर्वच सार्वजनिक कार्यक्रमांना लागू आहे असे नाही. एका दुसऱ्या ठिकाणी पर्यावरणाच्याच निमित्ताने भरलेल्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, सत्कार आणि सत्काराला उत्तर इतके होईतो तासभर गेला, ध्वनिवर्धक कानाशी किंचाळत होता, आणि पत्नी कान झाकून रडू लागली. तेव्हापासून माझा नियम आहे, की व्यासपीठ आणि हारतुरे दिसले की मागच्या मागे निघायचे. ध्वनिवर्धकाविना बोलणारा मार्गदर्शक आणि १५-२० जणांचा गट, याहून मोठ्या गोष्टीच्या वाटेला आम्ही जात नाही. वेळासच्या कासव महोत्सवाचेही आमंत्रण एका स्नेह्यांकडून आले होते. मंडणगड तालुक्यातील त्या गावी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहणे तिला खचित आवडले असते. परंतु लांबचा प्रवास, परके घर आणि वाळूतून चालणे, हे तिघे एकत्र आले की मी नको म्हणतो. ज्यांच्या घरची माणसे पायांनी धड आहेत त्यांनी जरूर जावे.

अशा फेरीला निघणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. आदल्या दिवशी दूरध्वनी करून भरतीची वेळ, स्वच्छतागृह आणि बसण्याची सोय यांची चौकशी करावी. केंद्रात कांदळवनातून जाणारी पायवाट आहे. पण ओल असली की कोणतीही वाट निसरडी, तेव्हा चपला नकोत, मागून बंद असलेले, खरबरीत तळाचे बूट हवेत. पत्नीच्या खिशात नाव, आजार आणि माझा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असते आणि तिच्या अंगात कायम एकच भडक पिवळा स्वेटर किंवा ओढणी असते, म्हणजे गटात ती चटकन दिसते. मार्गदर्शकाला आजाराची कल्पना आरंभीच, बाजूला घेऊन द्यावी. टोपी, पाणी, काहीतरी गोड-खारे खाणे बरोबर असावे. मधुमेह असेल तर खाण्याची वेळ बोटीच्या वेळेसाठी पुढे ढकलू नये. बोटीत चढण्या-उतरण्यास तोल लागतो. तो नसेल तर बोटीचा हट्टच नको. आम्ही दोन वर्षांत बोटीत एकदाच बसलो, तेही दोघांनी हात दिले म्हणून. ‘एवढे आलोच आहोत तर सगळे पाहू’ ही आपली पर्यटकी हाव अशा माणसाबरोबर सोडावी लागते. ती दमली की आम्ही निघतो, मग समोर हजार पक्षी का असेनात.

पक्ष्यांचे आले म्हणून सांगतो. या दोन वर्षांत एक गोष्ट माझी स्वतःची झाली. सोबत करणाऱ्या माणसाशी लोक बोलतात ते रुग्णाविषयी. झोप कशी आहे, गोळ्या बदलल्या का. त्याला स्वतःला काही विचारावे असे कोणाच्या मनात येत नाही, आणि हळूहळू त्याच्याही मनात येत नाही. खाडीकाठी एका सकाळी दुर्बीण माझ्या हाती देत एकाने विचारले, ‘काका, यातले मोठे रोहित कुठले आणि छोटे कुठले, सांगता येईल?’ मला सांगता आले नाही. मग मी शिकलो. मोठ्या रोहितची चोच गुलाबी आणि टोकाला काळी; छोट्याची चोच गडद तांबडी, दुरून जवळजवळ काळीच भासणारी. डोके उलटे करून, चोच पाण्यात धरून ते अन्न गाळतात. छोटा रोहित मुख्यतः सूक्ष्म निळे-हिरवे शेवाळ खातो, आणि त्या खाद्यातील रंगद्रव्यानेच त्याची पिसे गुलाबी होतात. पिल्ले राखाडी असतात. आता माझ्याकडे स्वतःची जुनी दुर्बीण आहे, आणि पत्नी मुलांच्या घोळक्यात बसली असली की १० मिनिटे मी तिच्याकडे पाठ करून उभा राहू शकतो. सोबत करणाऱ्यांना या १० मिनिटांचे मोल सांगावे लागणार नाही.

मेच्या अखेरीस रोहित जाऊ लागतात. पावसाळ्यात वाट निसरडी होते, म्हणून आम्ही घरीच असतो. स्वयंपाकघराच्या दारामागे दिनदर्शिका टांगली आहे. सकाळी चहा घेताना मी तिथी वाचतो आणि ती भरतीची वेळ सांगते. बहुतेक दिवशी सांगते. गेल्या आठवड्यात दोन दिवस ती नुसतीच माझ्याकडे पाहत राहिली. मी तिथी पुन्हा वाचली नाही, चहा पुढे केला. काल पंचमी होती. ‘पावणेचार,’ ती म्हणाली, आणि मग बशीत बिस्किट बुडवीत, ‘पाण्याला सांगा, आज आम्ही येत नाही.’